घोड्यांचे हिवाळी आंबोण

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय कळवावा, असे चिटणीसांचे पत्र आम्हांस आले आणि आम्ही वरील विषय उलट टपाली कळविला, तेव्हा त्यांनी दूरध्वनी करून तो पुन्हा एकवार विचारून घेतला. यात त्यांचा दोष नाही. ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर शिक्षणफंड, वसतिगृह, वधूवरसूचक मंडळ, हुंड्याची चाल असे विषय यावयाचे. तेथे घोड्यास थंडीत काय शिजवून घालावे हे सांगावयास मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक सेवानिवृत्त मास्तर उभा राहतो, हे थोडे चमत्कारिकच. परंतु आपणांपैकी किती गृहस्थ आयुष्यात एकदा तरी घोड्यावर बसले आहेत, असे विचारले तर या सभागृहातील निम्मे हात वर होतील. आणि तो प्रसंग कोणता, हे सांगावयास नको. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त निघू लागतात. मार्गशीर्षात, आणि पौष सरल्यावर माघात, म्हणजे थंडीच्याच दिवसांत, आपल्या घरच्या वराती निघतात. नवरदेव मारुतीच्या दर्शनास जातो तो घोड्यावरून. त्या घोड्याचे भाडे आपण देतो, त्याच्या कपाळास कुंकू लावतो, त्याच्यापुढे नाचतो. त्याने रात्री काय खाल्ले, हे मात्र कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा विषय ज्ञातीच्या बाहेरचा आहे, असे आम्ही मानीत नाही.

आंबोण हा शब्द गाईम्हशी पाळणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. कोंडा, पेंड, भरडा, कडधान्य असे काही भिजवून वा शिजवून जनावरापुढे ठेवावयाचे पातळसर खाद्य, ते आंबोण. घोड्याच्या खाण्यास आपली भाषा याहून अधिक मानाने वागविते. त्याच्या धान्यास म्हणावयाचे चंदी. ती ज्या पिशवीतून तोंडास बांधावयाची तो तोबरा. रोजच्या ठरीव खुराकास रातीब. हा शब्द मूळचा अरबी, आणि आपल्या दुधाचा रतीब तो हाच. शहरातून घोडे गेले तरी पान खाणाऱ्याच्या गालात तोबरा राहिला, आणि आम्ही तपासलेल्या निबंधांच्या वह्यांतून खोगीरभरती राहिली. पुण्यात तर घोड्यांच्या तबेल्याचे नाव मुलींच्या शाळेस कायमचे चिकटले आहे. १८८४ साली स्थापन झालेल्या लक्ष्मी रस्त्यावरील त्या शाळेस सारे पुणे हुजूरपागा म्हणते, कारण पेशव्यांच्या खाशा घोड्यांची पागा त्या जागी होती. तेथे शिकलेल्या भगिनी आज समोर बसल्या आहेत. त्यांनी राग मानू नये.

घोड्यास शिजविलेले घालण्याची चाल आपल्या देशात फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात उत्तम घोड्याचा शिधा सांगितला आहे. त्यात साळ, जव वगैरे धान्ये अर्धी सुकी वा अर्धी शिजलेली द्यावीत, अथवा मूग-उडीद शिजवून द्यावेत, असे आहे. बरोबर स्नेह म्हणजे तेलतूप, आणि पाच पल मीठ. मिठाचा हा उल्लेख ध्यानात ठेवावा, त्याकडे आम्हांस पुढे वळावयाचे आहे. ऐन-ई-अकबरीत अबुल फजल लिहितो की बादशाहाच्या खाशा घोड्यांस हिवाळ्यात उकडलेले कडधान्य आणि उन्हाळ्यात धान्य मिळे; शिवाय पीठ, साखर, आणि थंडीत हिरवे गवत येईपर्यंत तूप. म्हणजे ऋतूप्रमाणे शिजविण्याचा नियम लेखी होता.

परंतु आम्हांस सर्वांत गंमत वाटली ती एका रशियन व्यापाऱ्याची. अफानासी निकितिन हा एक घोडा विकावयास घेऊन चौलास उतरला आणि घाट चढून आपल्या जुन्नरास आला. साल सुमारे १४६९, बहामनी अंमल. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला आणि तो परत मिळविता मिळविता बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. या माणसाने इकडचे घोडे काय खातात ते टिपून ठेवले आहे: हरभऱ्यासारखे कडधान्य, आणि साखर व स्निग्ध घालून शिजविलेली खिचडी. खिचडी हा शब्दच त्याने आपल्या भाषेत उतरवून घेतला. एक मौज अशी की तो ज्यास हिवाळा म्हणतो तो आपला पावसाळा आहे. दिवसरात्र पाणी आणि चिखल पाहून त्या थंड देशच्या माणसास दुसरे नाव सुचले नसावे. तथापि आपल्या जिल्ह्यातील घोड्याच्या शिजविलेल्या अन्नाविषयी परक्याने लिहिलेला साडेपाचशे वर्षांपूर्वीचा हा दाखला आहे, आणि तो जुन्नरचा आहे.

चंदीचा हिशेब चुकला म्हणजे काय होते, तेही आपल्या इतिहासात आहे. १६७३ साली चिपळूणजवळच्या छावणीतील अंमलदारांस शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र आपण शाळेत शिकलो. रयतेस त्रास देऊ नये, एवढाच भाग बहुधा आपल्या लक्षात राहतो. पण त्या पत्राचा गाभा घोड्यांचा दाणावैरण हाच आहे. पावसाळ्यासाठी साठविलेले आताच उधळाल, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे महाराज बजावतात. गवताच्या गंजीजवळ दिव्याची जळती वात उंदराने नेली तर काय अनर्थ होईल, येथपर्यंत ते पाहतात. पुढे १७६० च्या हिवाळ्यात पानिपतावर नेमके तेच घडले. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले पडले, रसद तुटली, उत्तरेची कडाक्याची थंडी, आणि दावणीला बांधलेली दक्षिणी घोडी उपासाने मरू लागली. १४ जानेवारी १७६१ रोजी जी लढाई झाली तीत अनेक स्वारांखाली उभे राहण्याजोगे घोडे नव्हते. इतिहासकार तोफांविषयी आणि बुणग्यांविषयी पुष्कळ लिहितात. आमच्या मते पानिपताचा धडा शिकविताना मास्तरांनी एक तास वैरणीस द्यावा.

आता कृतीकडे येतो. आम्ही लहान असता, म्हणजे १९७० च्या आगेमागे, पुण्यात टांगे चालत. आमच्या आळीच्या तोंडाशी एक टांगेवाले चाचा राहत. त्यांचे आंबोण आम्ही इतक्या वेळा पाहिले आहे की आजही डोळे मिटून करू. सकाळी टांगा जोडण्यापूर्वी ते हुलगे निवडून भिजत घालीत. हुलगे म्हणजे कोकणातले कुळीथ. इंग्रजीत तर या धान्याचे नावच घोड्यावरून पडले आहे. संध्याकाळी परतल्यावर प्रथम घोड्यास पाणी, मग वैरण, आणि तो वैरण खात असता तीन दगडांच्या चुलीवर काळेकुट्ट पातेले चढे. हुलगे बोटाने चेपले म्हणजे पीठ व्हावे इतके शिजले की पातेले उतरावयाचे. त्यात दोन ओंजळी गव्हाचा कोंडा, मूठभर मीठ नव्हे, बेताचे मीठ, सुपारीएवढा गुळाचा खडा, आणि थंडी फार असेल तेव्हा चिमूटभर ओवा. मग झाकण घालून ठेवावयाचे. वाफ कोंड्यात मुरली पाहिजे. शेवटी चाचा कोपर बुडवून पाहत. आई बाळाच्या अंघोळीचे पाणी पाहते तसे. कोपरास सोसले तरच ते घोड्यापुढे जाई. उरलेले दुसऱ्या दिवशी ते कधीही घालीत नसत. "बेटा, रात का खाना सुबह जहर," असे म्हणून टोपले उकिरड्यावर रिकामे करीत आणि पातेले राखेने घासून उन्हात पालथे घालीत.

आमच्या आळीतील सर्वांची अशी समजूत होती की घोड्यास थंडी वाजू नये म्हणून हे गरम खाणे. समजूत मोठी गोड आहे. पण तिचा हिशेब करून पाहू. हा हिशेब आम्ही सातवीच्या मुलांकडून करवून घेत असू. घोड्याच्या अंगाचे उष्णमान सुमारे ३८ अंश सेल्सिअस. आंबोण ४५ अंशांवर चार किलो दिले, आणि ते सारे पाणीच आहे असे धरले, तर ते अंगात ७ अंश निवेल. म्हणजे शरीरास मिळाल्या २८ किलोकॅलरी. आता एक किलो वाळलेल्या गवतातून घोड्यास पचून मिळणारी शक्ती दीड ते दोन हजार किलोकॅलरी असते. शिवाय गवताचा चोथा घोड्याच्या मोठ्या आतड्यात सूक्ष्म जंतूंकडून आंबविला जातो, त्या आंबण्यातच उष्णता निर्माण होते आणि ती कित्येक तास पुरते. घोड्याची शेगडी त्याच्या पोटाच्या मागच्या भागात आहे आणि तिचे जळण वैरण हे आहे. थंडीच्या रात्री घोडा उबदार राहावा असे वाटत असेल, तर पातेल्याच्या आधी वैरणीचा भारा पाहावा. तीनशे किलो वजनाच्या घोड्यास रोज पाचसहा किलो सुकी वैरण हवीच.

याचा पुरावा आपल्या डोळ्यांपुढून दरसाल जातो. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी तट्टे मराठ्यांच्या स्वारीत नावाजलेली होती. आज ती मुख्यतः धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड वाहताना दिसतात. २०२३-२४ च्या सुमारास राष्ट्रीय पातळीवर त्यांस स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, ही समाधानाची गोष्ट आहे. ही तट्टे पौषातल्या रात्री उघड्या माळावर काढतात. त्यांस ना झूल, ना आंबोण. तरी ती ठणठणीत असतात. कारण ती दिवसभर चरतात, चालतात आणि ओढ्यावर पाणी पितात. धडधाकट, अंगाने कोरडा आणि वैरण मिळालेला घोडा ५ अंशांपर्यंतची थंडी सहज काढतो, असे या विषयातील जाणकार सांगतात. पुण्याचा पारा डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बहुधा १०-१२ अंशांवर असतो, क्वचित ८ च्या खाली जातो. तेव्हा पुण्याच्या थंडीने घोडा मरत नाही.

मग चाचांचे पातेले निरर्थक होते काय? मुळीच नव्हे. समजुतीतले कारण बरोबर नव्हते आणि कृती मात्र बरोबर होती. आपल्या पुष्कळ जुन्या चालींचे असेच आहे.

पहिली गोष्ट पाण्याची. पावसाळ्यातले हिरवे गवत म्हणजे चार भागांत तीन भागांहून अधिक पाणी. हिवाळ्यात तोच घोडा कडब्यावर आणि वाळल्या गवतावर येतो, त्यात पाणी जवळजवळ नाही. मध्यम घोड्यास दिवसाकाठी पंधरा-वीस लिटर पाणी लागते, आणि पहाटेचे गार पाणी तो नुसते नाक लावून सोडतो. पोटात सुका चोथा, वर पाणी कमी. आतड्यात गोळा अडकतो, लीद बंद होते, पोटशूळ उठतो. घोड्यास ओकता येत नाही, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आत गेलेले त्याच्या पोटातून एकाच वाटेने बाहेर पडू शकते, आणि ती वाट बंद झाली म्हणजे तो जमिनीवर लोळू लागतो. पुढे काय होते ते ज्याने पाहिले त्यास सांगावयास नको. चाचांच्या पातेल्यातून दोन-तीन लिटर पाणी घोड्याच्या पोटात न कळत जाई. मीठ पोटात गेले की तो रात्रीतून बादलीकडे आपण होऊन वळे. कौटिल्याचे पाच पल मीठ याच कामाचे.

दुसरी गोष्ट शिजविण्याची. हुलग्यात पचनास आडकाठी करणारी द्रव्ये असतात. ती भिजविल्याने थोडी आणि चांगले शिजविल्याने पुष्कळशी नाहीशी होतात. शिवाय कोरडे कडधान्य पाणी पिऊन फुगते. ते फुगावयाचे तर पातेल्यात फुगावे, घोड्याच्या जठरात नव्हे. एवढ्या मोठ्या जनावराचे जठर अवघे आठ ते पंधरा लिटरांचे असते. म्हातारा, दात झिजलेला घोडा हरभरा तसाच गिळतो आणि तसाच टाकतो. त्यास शिजविलेले हेच अन्न. टांग्याच्या घोड्यांत म्हातारे पुष्कळ असत.

तिसरी गोष्ट आम्ही ग्रंथात वाचलेली नाही. पातेले उतरून कोपर बुडवीपर्यंत चाचा घोड्याजवळ अर्धा तास असत. तेवढ्यात त्यांचा हात पायांवरून फिरे, नाल पाहिला जाई, लीद मोजली जाई. घोड्याने आंबोणास तोंड लावले नाही की त्याच रात्री सालोत्री बोलावला जाई. तोबरा बांधून निघून जाणाऱ्यास हे दुसऱ्या दिवशी कळते.

आता जी पथ्ये पाळली जात नाहीत ती सांगतो. जवस घालण्याची चाल आहे आणि जवसाने अंगावर तकाकी येते हे खरे. परंतु जवस कोमट पाण्यात भिजवून ठेवणे धोक्याचे आहे. त्यात एक विषारी द्रव्य सुटते, ते खळखळून उकळल्यावाचून जात नाही. म्हणून जवस टाकावयाचे ते उकळत्या पाण्यात, आणि चांगली दहा मिनिटे उकळावयाचे. कोंड्याचेही तसेच. कोंडा हलका, स्वस्त आणि घोड्यास आवडणारा; म्हणून गरीब मालक त्याच्यावरच भर देतो. कोंड्यात स्फुरद फार आणि चुना थोडा असतो. महिनोन्‌महिने मुख्यतः कोंड्यावर ठेवलेल्या घोड्याची हाडे पोकळ होतात आणि जबडा सुजतो. विलायतेत गिरणीवाल्यांच्या घोड्यांत हा रोग इतका दिसे की त्याला त्यांचेच नाव पडले होते. त्यास उतारा लसूणघासाचा, त्यात चुना भरपूर असतो. तिकडेच शनिवारी रात्री सर्व घोड्यांस गरम कोंड्याचे आंबोण देण्याची जुनी चाल होती, कारण रविवारी विसावा. हेतू चांगला होता. पण आठवड्यातून एकदा अचानक खाणे बदलले की आतड्यातले ते जंतू बिचकतात, आणि जो जुलाब साफ झाला असे वाटते तो पुष्कळदा बिघाड असतो. द्यावयाचे तर रोज थोडे द्यावे, नाहीतर देऊ नये. बत्तीस जिनसांच्या बत्तिसा मसाल्याविषयी आम्ही मौन पाळतो. आमच्या ओळखीच्या एका घोडेवाल्याने त्यातील तेरा जिनसा सांगितल्या आणि उरलेल्या गुप्त आहेत म्हणाला.

असो. टांगे गेले. रिक्षा आल्या, बस वाढल्या, आणि एकेक ठाण मोडत गेले. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या तर उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निर्णयाने बंद पडल्या. पुण्यात घोडे उरले ते छावणीतील १८३० च्या रेसकोर्सवर, खडकवासल्यास प्रबोधिनीच्या घोडेस्वारीत, हौशी क्लबांत, आणि वरातीत. पहिल्या तिघांची काळजी वाहावयास पशुवैद्य आहेत, ठरीव शिधा आहे. शर्यतीच्या घोड्यांचा पुण्यातील हंगाम पावसाळ्यातच संपतो, हिवाळ्यात शर्यती मुंबईस. वरातीच्या घोड्याचा हंगाम मात्र नेमका थंडीतला, आणि त्याचा मालक बहुधा गावाबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा. त्यातले कित्येक घोडे मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतून किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतून आणलेले असतात. नवे गाव, नवे पाणी, नवी वैरण, आणि आठवडाभरात डोक्यावर तुरा.

गेल्या माघातली गोष्ट. एका आप्ताच्या घरचे लग्न होते. सायंकाळी पाचपासून घोडा मांडवाबाहेर उभा होता. वरात साडेसातला निघावयाची ती नऊला निघाली. आमच्याकडे घोडे वरातीमागून येत नाही, वरातच घोड्यामागून येते. तोवर मुलांनी त्यास जिलबी भरविली, कोणी पुऱ्या घातल्या, एका हौशी गृहस्थाने बासुंदीची वाटी पुढे केली. घोड्याबरोबर चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा होता. तो कोणास नको म्हणू शकत नव्हता, कारण बक्षिसी त्याच हातांतून यावयाची होती. वरात संपून घोडा परत आला तेव्हा दहा वाजून गेले होते. अंगावर घाम आणि वर गार वारा. मुलाने बादली पुढे धरली. घोड्याने ओठ भिजविले आणि मान फिरविली. तेव्हा तो मुलगा आमच्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, आत आचाऱ्याला सांगून बादलीभर कोमट पाणी मिळवून द्या की. सकाळपासनं नीट प्याला नाही, दुपारपासनं लीदबी नाही." आचारी भला माणूस. त्याने भांडी धुण्याच्या चुलाणावरचे स्वच्छ कढत पाणी काढून दिले, आम्ही त्यात गार मिसळले. मुलाने पिशवीतला मूठभर कोंडा वर भुरभुरला, हाताने ढवळले. घोड्याने ती बादली एका दमात संपविली आणि दुसरी अर्धी. मग त्या मुलाने आपल्याच अंगावरची चादर काढून घोड्याच्या पाठीवर टाकली आणि त्यास हळूहळू रस्त्यावर फिरवू लागला. अकराच्या सुमारास लीद पडली. वरपक्षाची मंडळी तेव्हा आत आइस्क्रीम खात होती, त्यांस या आनंदाचा पत्ताही नव्हता.

ही हकीकत कोणास दूषण देण्यासाठी सांगितली नाही. जिलबी देणारी मुले प्रेमानेच देत होती. पण साखर आणि मैदा यांचा असा अवचित मारा झाला की घोड्यास पोटशूळ उठतो, खुरांच्या आत दाह होऊन तो कायमचा लंगडा होऊ शकतो. मालकाचे वर्षाचे उत्पन्न त्या चार पायांवर उभे असते. आपल्या घरी लग्न झाले, सून आली, आणि त्याच रात्री कोणाच्या घरची मिळकत आपल्या मांडवातल्या जिलबीने आडवी झाली, तर ते शुभकार्य म्हणावयाचे कसे?

म्हणून आमची सूचना आपल्या मंगल कार्यालयापुरती आहे आणि ती कार्यकारी मंडळापुढे लेखी ठेवली आहे. कार्यालयाच्या मागच्या अंगणात, चुलाणाजवळ, घोड्यासाठी एक बादली आणि एक पातेले वेगळे असावे. थंडीच्या दिवसांत घोडा येईल त्या सायंकाळी कोमट पाणी तयार ठेवावे. आल्यावर एकदा आणि वरातीनंतर थोडे थांबून पुन्हा दाखवावे. वैरणीची एक पेंढी असावी. मुलांच्या हाती जिलबीऐवजी गाजराचे लांबट तुकडे द्यावेत. त्यांचीही हौस भागेल. वरात ठरल्या वेळी निघावी, हे आम्ही मागतच नाही, तेवढी आशा आम्हांस उरलेली नाही. पण घोडा तरी ठरल्या वेळेच्या तासभर आधीपासून बोलावू नये.

आंबोणाविषयी मात्र सावधगिरी हवी. परक्या घोड्यास उत्साहाने पातेलेभर हुलगे घालू नयेत. ज्याचा घोडा रोज हुलगे खातो, त्यासच आणि मालक सांगेल तेवढेच द्यावेत. इतरांस पाणी आणि वैरण पुरे. ज्यास हवे असतील त्याने घोडा ठरवितानाच सांगावे, म्हणजे सकाळी भिजत घालता येतील. एका घोड्यास अर्धा ते एक किलो पुष्कळ झाले. अध्यक्षमहाराजांनी खर्चाचा मुद्दा काढला होता. त्यावर आमचे म्हणणे असे की या हंगामापुरते हुलग्याचे पोते आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देतो, ते कोठारात पोहोचलेही आहे. पातेले मंडळाने घ्यावयाचे आहे. ते जाड बुडाचे पाहून घ्यावे, हुलगे तळाशी लागतात, आणि करपलेल्या आंबोणास घोडा तोंड लावीत नाही.